अक्कांनी सुटं केलेलं कपाट

आधी अक्कांचं नाव घेते, मग काय घडलं ते सांगते. माझ्या बापाच्या हातचं सागवानी कपाट आज शिरवळच्या या खोलीत उभं आहे. त्याला करवत लागली नाही, खिळा लागला नाही, ते सांगलीच्या अक्कांमुळं. घरी आलेलं कुणी कपाटावरून हात फिरवून म्हणालं, "काय सुरेख काम आहे हो," तर मी बापाच्या आधी अक्कांचं सांगते. बाप वरून कुठून ऐकत असला तरी रागावायचा नाही. त्यालाही ज्याचं त्याला दिलेलं आवडायचं.

अक्का म्हणजे आमच्या सांगलीच्या घरमालकीण. त्यांचं खरं नाव कधी कानावर आलं नाही. भाजीवालीपासून देवळातल्या पंडितापर्यंत सगळे अक्काच म्हणायचे. जैनांचं घर. नवरा हळदीचा अडत्या होता, तो जाऊन पुष्कळ वर्षं झालेली. मुलगी तासगावला द्राक्षबागेच्या घरात दिलेली. खाली अक्का एकट्या, वरच्या खोलीत आम्ही दोघं. घरातली हळदीची पोती कधीच गेली होती, पण माजघराच्या भिंतीला पाठ टेकली की पोलक्याला पिवळं लागायचं.

बायका कमरेला किल्ल्या खोचतात. अक्का पेचकस खोचायच्या.

आम्ही राहायला आलो त्याच्या दुसऱ्याच सकाळी त्या जिना चढून आल्या. मला वाटलं, चौकशी करायला आल्या. त्यांनी माझ्याकडं बघितलंच नाही, स्टोव्हकडं बघितलं.

"ह्यो कवा सोडला हुतास?"

"अजून बिघडला नाही, अक्का."

"बिघडल्यावर कुणीबी सोडतंय गं. चांगलं हाय तवर सोडावं. म्हंजी कळतंय, कसं जोडलंय त्ये."

आणि बसल्या की मांडी घालून. जुन्या वर्तमानपत्रावर माझ्या स्टोव्हचे सगळे अवयव ओळीनं मांडले, पदराला हात पुसले आणि उठल्या.

"जोड आता."

"मी?"

"मग कोन, मी? भाकरी तू खानार, आन् जोडू मी?"

त्या दिवशी आमच्या घरी दुपारपर्यंत चूल पेटली नाही. पण स्टोव्ह जोडला मीच. नंतर कळलं की ही अक्कांची रीतच होती. सोडायचं काम त्यांचं, जोडायचं काम ज्याची वस्तू त्याचं. गल्लीत त्यांच्या हातून सुटलं नाही असं घड्याळ नव्हतं, नळ नव्हता, कडी-कोयंडा नव्हता. आमचा दूधवाला सायकल मुद्दाम पलीकडच्या बोळात लावून कॅन हातात घेऊन चालत यायचा. "अक्कांच्या नजरेला चाक पडलं तर माजं दूध नासंल," म्हणायचा.

दुसरं एक त्यांचं होतं. त्यांच्या धर्मात मुंगीलासुद्धा जपायचं, हे मला तिथं आल्यावर समजलं. अक्का कुठलीही वस्तू उघडायच्या आधी तिच्यावर बोटाच्या पेरानं टकटक करायच्या आणि मग गप्प बसून राहायच्या. याला त्या "नोटीस देनं" म्हणायच्या. आत कुणी राहत असेल तर त्याला निघायला वेळ नको का? एकदा शेजारच्यांच्या बंद पडलेल्या रेडिओला नोटीस देऊन त्या पदर सावरून बसल्या. घरातले सगळे उभे. किती वेळ झाला तरी काही नाही. अखेर जाळीतून एक झुरळ निघालं, मिशा हलवून बघितलं आणि खिडकीवाटे गेलं.

"गेला भाडेकरू," अक्का म्हणाल्या आणि कमरेचा पेचकस काढला.

मी चांदा जिल्ह्यातली. जंगलाकडची. पाचवीत असताना आई गेली, शाळा तिथंच राहिली. लग्न झालं आणि यांची नोकरी सरकारी रस्त्यांवर रोलर चालवायची; रस्ता जाईल तिकडं आमचा संसार. सांगलीत आले तेव्हा मला प्रत्येक गोष्टीची भीती वाटायची. इथली भाषा कडक, लोक मोठ्यानं बोलायचे, मला वाटायचं भांडतायत. मी "काहून?" म्हटलं की बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. 'का' म्हणायचं सोडून आम्ही तिकडं 'काहून' म्हणतो. अक्कांनी माझं तेच नाव ठेवलं.

"ए काहून! खाली ये. बिजागरी काढायचीया, हात धर."

हसण्यावारी नेलं त्यांनी, पण त्या हाकेनं मला त्या घरात जागा मिळाली. नाव ठेवलेल्या माणसाला कुणी परकं म्हणत नाही.

आता कपाटाचं सांगते. माझा बाप लाकडाच्या डेपोत कामाला होता आणि हातात सुतारकी होती. लग्नात मला काही देऊ शकला नाही, ते त्याच्या मनाला लागून राहिलं असणार. आम्ही सांगलीत आल्यावर तो एकदाच आला, रेल्वेतून, बरोबर फळ्यांचा एवढा मोठा भारा. मी पडद्याआड स्वयंपाक करत होते, तेवढ्या वेळात त्यानं खोलीत कपाट उभं केलं. भाकरीचे हात घेऊन बाहेर आले तर दारं लागलेली, माथ्यावर नक्षीची पट्टी चढलेली, माझ्यापेक्षा उंच. मला रडू आलं.

"याले खिळा मारू नोको, माय," तो म्हणाला. "एकबी खिळा नाही यात. कुठं जाचं झालं तं सारं सुटते."

"कसं सुटते, बाबा?"

"पुढच्या बारीले येतो तवा दाखवतो."

पुढची बारी आली नाही. त्याच उन्हाळ्यात तो गेला. मला निरोप पोचला तेव्हा तिकडचे दिवस उरकले होते. माहेर म्हणून माझ्याकडं जे काही उरलं ते हे कपाट.

आणि मग यांची बदली आली. पुणे-साताऱ्याच्या मोठ्या रस्त्याचं काम निघालं होतं, शिरवळला जायचं. रोलर आधीच रवाना झाला होता. सामान न्यायला पुण्याकडं जाणारा गुळाचा ट्रक ठरवला, ट्रकवाला ढेपांवर जागा देतो म्हणाला. बाजारातला हमाल दादू आला. त्यानं भांडी उतरवली, गाद्या उतरवल्या, आणि कपाटासमोर येऊन डोक्याचं मुंडासं सारखं केलं.

"वैनी, ह्ये वर आनलं कसं?"

"सुट्या फळ्या आणल्या होत्या."

"मग सोडा की."

"कसं सोडायचं ते ठाऊक नाही."

दादूनं मागून बघितलं, खालून बघितलं, बाजूनं हलवून बघितलं. कपाट हललंसुद्धा नाही. जिना इतका अरुंद की त्यातून आख्खं उतरवायची बातच नव्हती. तो यांना म्हणाला, "साहेब, मदीच करवत मारू. तिकडं ग्येल्यावर पट्ट्या ठोकून घ्या. कोन बघतंय?"

हे भले माणूस. माझ्याकडं बघून म्हणाले, "आता काहून रडून रायली तू? दुसरं घेऊ." त्यांचं चुकत नव्हतं. ट्रकवाला थांबणार नव्हता आणि घर रिकामं करायचं होतं. दादू करवत आणायला खाली उतरला, आणि जिन्यावर अक्कांचा आवाज आला.

"काय आनायला चाललास रं?"

"करवत, अक्का."

"करवत माज्या जिन्यावर चढली तर तुजंच मुंडासं कापीन. मागं फिर."

अक्का वर आल्या. कपाटाभोवती एक फेरी मारली, देवळात मारतात तशी, सावकाश. मग मला म्हणाल्या, "रिकामं क्येलंस? खनबी काढ. कागुद अंथरलेत त्येबी काढ. वजनासकट कुटलंबी काय सोडत न्हाईत." मी सगळं काढलं. मग त्यांनी दारांच्या बिजागऱ्या बघितल्या. त्या पितळेच्या खिट्टीवर नुसत्या टेकवलेल्या होत्या. दादूला एक दार दोन्ही हातांनी धरायला लावलं, मला खिट्टी उचलायला लावली. यांनी मध्ये हात घातला तर म्हणाल्या, "जावईबापू, एकानं धरायचं, एकानं सोडायचं. तिसऱ्यानं बसायचं." हे बसले.

दारं निघाली, गोधडीवर आडवी झाली. पण पुढं काही दिसेना. आत हात फिरवला, सगळं गुळगुळीत. कुठं पाचर नाही, खुंटीचं डोकं नाही. दादू म्हणाला, "वढा की वाईच जोर लावून."

"वढल्यावर तुटतंय, गड्या. सुटत न्हाई." आणि अक्कांनी नोटीस दिली. माथ्यावर, कुशीवर, तळाला, सगळीकडं टकटक केलं आणि खाली बसल्या. आम्हीही बसलो. खालून ट्रकवाल्याचा भोंगा वाजला. दादूनं माझ्याकडं असं बघितलं की, बाई, ही म्हातारी तुमचा संसार इथंच ठेवणार.

मग मुंग्या निघाल्या.

बारीक, तांबड्या. आधी एक, मग ओळच. माथ्यावरच्या नक्षीच्या पट्टीत एक फूल कोरलेलं होतं, त्याच्या पाकळीखालून त्या येत होत्या. मी त्या फुलाला रोज फडका मारत होते. तिथं फट आहे हे मला कधी दिसलं नव्हतं.

अक्का उठल्या नाहीत. ओळ पुरी होईपर्यंत बसून राहिल्या. शेवटची मुंगी कडेला लागली तेव्हा म्हणाल्या, "बग गं काहून, तुज्या बापाचं कुलूप कुटं हाय त्ये. भाडेकरूलाच दार ठावं असतंय."

त्या फुलाला त्यांनी माझं बोट लावलं आणि डावीकडं ढकलायला सांगितलं. पहिल्यांदा काही झालं नाही. मग धुणं बडवायचं धोपटणं फडक्यात गुंडाळून अक्कांनी पलीकडून हलकेच ठोकलं, आणि फूल सरकलं. त्याच्या मागं सागाचीच एक पाचर होती, बोटाएवढी. ती निघाली आणि ती एवढी घट्ट नक्षीची पट्टी माझ्या हातात सैल आली. पट्टीखाली कुशीच्या फळ्यांच्या जिभा दिसल्या, माथ्याच्या खाचांत बसलेल्या. प्रत्येक फळी आधीच्या फळीनं अडवून धरलेली. वरून सुरुवात केली की सगळं आपोआप वाट देत जातं. बापानं खरंच सांगितलं होतं, सारं सुटते.

प्रत्येक तुकडा निघाला की अक्का हळद कालवलेली वाटी पुढं करायच्या. खाचांत हळद भरायची, म्हणजे मुंग्या परत शिरायच्या नाहीत, आणि ट्रकात तर खाली गूळ. आणि जिथं दोन तुकडे भेटतात तिथं दोन्हीवर त्याच हळदीची सारखी खूण: एक टिंब तर एक टिंब, फुली तर फुली. पाचर त्यांनी फडक्यात बांधून ती ज्या पट्टीची त्याच पट्टीला बांधली. "डब्यात सगळं एकत्र टाकलं की त्ये कुनाचंच न्हाई ऱ्हात," म्हणाल्या.

शेवटची फळी गोधडीवर आली. दादूनं "जय" म्हणून दोर उचलला.

"ठेव खाली," अक्का म्हणाल्या. "काहून, जोड."

मला वाटलं चेष्टा. "अक्का, ट्रक थांबलाय."

"ट्रकला हुबं ऱ्हायला पाय हाईत. जोड."

मी जोडलं. घामानं निथळले, दोनदा चुकले, दादूनं कपाळावर हात मारून घेतला. फूल जागेवर सरकलं तेव्हा मला वाटलं, सुटले. अक्का म्हणाल्या, "आता परत सोड. डोळं झाकून. हातानं बग." आणि माझ्या डोळ्यांवर त्यांचा तळवा ठेवला. कोरडा, हळदीच्या वासाचा.

ट्रकवाला वैतागला, शिव्या दिल्या, आणि शेवटी म्हणाला, सकाळी निघतो. मी फळ्यांच्या कडा चाचपत होते. बापाच्या रंध्याची प्रत्येक ओढ बोटाला लागत होती. एके ठिकाणी तो थांबला असणार, तिथं किंचित खळगा होता. ती डावी कूस. उजवीला खळगा नव्हता. मागच्या फळीला एक गाठ, मधाच्या थेंबासारखी. मी रडत होते की हसत होते कोण जाणे.

सगळं परत आडवं झालं तेव्हा खिडकीतलं ऊन गेलं होतं. मी खाली आले तर अक्कांच्या स्वयंपाकघरात ताट झाकलेलं होतं, तसंच. तेव्हा मला भान आलं. अक्का दिवस मावळल्यावर जेवत नसत. पाणीसुद्धा नाही.

"अक्का, तुमचं जेवण!"

"दिस गेला की," त्या सहज म्हणाल्या, जसं कुणी एसटी गेली म्हणावं. "उद्या हाय न्हवं दिस. तू जेव."

मी कशी जेवणार? जेवले, कारण त्या समोर बसून राहिल्या.

तेव्हाच त्यांच्या आतल्या खोलीतला पलंग मी नीट बघितला. चार खांबांचा, डोक्याशी मोर, एका कडेला गादी खचलेली, दुसरी कड तशीच भरलेली. मी सहज म्हटलं, "अक्का, हा कधी सोडला होता?"

त्यांनी आधी पलंगाची भरलेली कड पदरानं झटकली. एरवी त्यांचं उत्तर प्रश्नाच्या आधी तयार असायचं.

"ह्यो न्हाई सोडला. ह्यांनी जोडला हुता, लग्न हून आले तवा." पेचकस कमरेला होताच, त्यावर त्यांचा हात गेला आणि परत आला. "पोरगी म्हनती तासगावला या, हितं एकट्या काय करता. जाईन कवातरी. पन पलंग सोडल्याबिगर जायाचं कसं? आन् मला सोडवत न्हाई."

गल्लीभर सगळ्यांचं सोडून दिलेल्या त्या बाईला एवढं एक सोडवत नव्हतं.

शिरवळला पोचलो तर आमची खोली रिकामी झालेली नव्हती. आधीचे लोक आज जातो, उद्या जातो करत राहिले. आमच्या फळ्या तोवर आवारात भिंतीला टेकून उभ्या, फाल्गुनातल्या उन्हात. खोली मिळाली तेव्हा मी फळ्या आत घेतल्या, आणि एकेक उलटून पाहिली. खुणा नव्हत्या. एक टिंब नाही, एक फुली नाही. हळदीचा डाग उन्हात टाकला की उडतो हे लहान पोरीलाही ठाऊक असतं, मी आयुष्यभर साड्यांचे डाग तसेच काढले. त्या दिवशी कुणालाच आठवलं नाही. खाचांतली हळद होती, पण ती सगळीकडं सारखीच. आणि फळ्यांत एक मुंगी नव्हती, गुळाच्या ढेपांवरून येऊनसुद्धा.

हे म्हणाले, "आता गं?"

मी दार लावून घेतलं. खाली बसले, डोळे मिटले आणि फळ्या मांडीवर घेतल्या. खळगा लागला: डावी कूस. मधाचा थेंब लागला: मागची फळी. हातांना सगळं पाठ होतं. नक्षीची पट्टी बसली, पाचर शिरली, फूल सरकून जागेवर आलं तेव्हा मी डोळे उघडले. कपाट उभं होतं. पहिल्यांदाच मला ते मोकळं माळरान, ती नवी खोली, घाटातून उतरणाऱ्या ट्रकांचा आवाज, यातलं काही परकं वाटलं नाही.

पुढं दिवाळीच्या सुमारास सांगलीला गेले तेव्हा अक्कांना ते सांगितलं. त्या शेंगा सोलत होत्या.

"हळद उन्हात उडती, तुला ठावं नव्हतं व्हय?"

"ठाऊक होतं, अक्का."

"मला बी," म्हणाल्या, आणि माझ्याकडं शेंगांची परडी सरकवली. मीही सोलायला बसले.

इथं रस्त्याच्या कामावरची बिऱ्हाडं सारखी उठतात, सारखी बसतात. कुणाचा पलंग, कुणाचं टेबल, कुणाचा पाळणा. आता मला बोलवायला येतात. मीही आधी टकटक करते आणि बसून राहते. नव्या पोरी हसतात. मी सोडून देते आणि म्हणते, जोड आता. परवा एक खूपच घाबरलेली होती, मराठवाड्यातली, तिच्या नवऱ्यानं हातोडी उगारली होती. तिला मी डोळे झाकायला लावले. माझ्या कपाटात आता खालच्या कप्प्यात लंगोट आणि झबली आहेत. येणारं येईल चैत्रात. त्या कप्प्याच्या कोपऱ्यात थोडी हळद मी तशीच ठेवली आहे.

गेल्या आठवड्यात सांगलीहून येणाऱ्या ट्रकवाल्याबरोबर दादूचा निरोप आला. अक्का गुडघ्यानं बेजार आहेत, तासगावची मुलगी येऊन बसली आहे, आणि अक्का म्हणतात, "पलंगाचं काय करू?"

त्याच ट्रकवाल्याबरोबर मी उलट निरोप पाठवला आहे. अक्का, कुणाला हात लावू देऊ नका. पोर कडेवर घ्यायजोगं झालं की मी येते. तुमचा पलंग मी सोडीन. आधी नोटीस देईन, कुणी असेल त्याला निघू देईन, मग खांबांना हात लावीन. तासगावला नेऊन मीच जोडीन, खचलेली कड जिथल्या तिथं. पण मी सकाळी उजाडताच सुरू करणार आहे. दिवस मावळायच्या आत तुमचं ताट वाढलेलं असेल, आणि त्या दिवशी तुम्ही जेवताना समोर मी बसून राहीन.